छर्ऱ्यांचा बॉल: मुरमावर पैसा वसूल, काळ्या मातीत मुका

पांढऱ्या टणक प्लॅस्टिकचं पोकळ कवच, आत सायकलीच्या हबमध्ये असतात तसे छर्रे, आणि मधोमध गोल फिरलेला जोड. अंध क्रिकेटचा बॉल म्हणजे एवढंच. त्यात बॅटरी नाही, घंटी नाही. तरीही खेड्यात हा बॉल बहुधा एकदाच बाहेर निघतो. ३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, फोटोपुरत्या चार ओव्हर होतात आणि मग तो ग्रामपंचायतीच्या कपाटात जुन्या पावतीपुस्तकांशेजारी जाऊन बसतो. त्यात बॉलचा दोष थोडाच आहे? दोष मैदानाचा, पोंग्याचा (लाउडस्पीकरचा), आणि दर चेंडूला "बिचारा" म्हणणाऱ्या कॉमेंटेटरचा. म्हणून या बॉलचं परीक्षण करायचं तर त्याच्यासोबत मातीचं आणि माइकचंही करावं लागतं.

आधी बॉल करतो काय ते बघू. बॉलर स्टंपला हात लावून दिशा घेतो आणि मोठ्यानं विचारतो, "रेडी?" बॅट्समन म्हणतो, "येस." हातातून बॉल सुटताना बॉलरनं "प्ले" ओरडायचंच, हा नियम. फेक खालून, अंडरआर्म. बॉल टप्पे घेत यायला हवा. सरळ अंगावर फुलटॉस नको आणि नुसता घरंगळत आलेलाही नको. टप्पा पडला की आतले छर्रे उसळून कवचावर आपटतात आणि 'खळ्ळ' असा तुटक आवाज येतो. पुढच्या टप्प्यापर्यंत बॉल फिरत राहतो तेव्हा बारीक सळसळ. अजिबात न दिसणारा बॅट्समन या 'खळ्ळ'वर बॉलची रेषा धरतो आणि सळसळीवर वेग. म्हणूनच तो उभ्यानं ड्राइव्ह मारायच्या फंदात पडत नाही. एक गुडघा टेकतो, बॅट आडवी करून जमिनीलगत फिरवतो, म्हणजे रेषा वीतभर चुकली तरी बॅटचा कुठलातरी भाग लागतो. चांगल्या कानाचा खेळाडू असा स्वीप मारतो तेव्हा सीमेवर बसलेल्या पोट्ट्यांची "अबे, याले दिसते की काय!" ही पहिली प्रतिक्रिया ठरलेली.

आवाजाला दहापैकी आठ. दोन गुण कापले ते एका अवगुणासाठी, जो विकणारा कधी सांगत नाही: हा बॉल थांबला की मुका होतो. फिरतोय तोवरच तो बोलतो. सपाट, कडक जमिनीवर तो बराच पुढे बोलत जातो आणि फील्डर त्याच्या मागे जाऊ शकतो. भुसभुशीत जमिनीत दोन टप्प्यांत रुततो आणि गप्प बसतो, मग फील्डर चार पावलांवर गुडघ्यांवर बसून हातानं माती चाचपतो आणि बॅट्समन तीन धावा पळून घेतात. सामना कंटाळवाणा होतो तो इथे. लोकांना वाटतं खेळाडू कच्चे आहेत.

आपल्याकडे सगळी मेख मातीत आहे. काळी कपाशीची जमीन पावसाळ्यात बॉलला अशी चिकटते की दहा मिनिटांत पांढऱ्याचा काळा लाडू होतो. कवचावर मातीचा थर बसला की आवाजही दबतो. दिवाळीनंतर ती सुकू लागते, आणि उन्हाळा जवळ आला की तिच्यात बोटं जातील एवढ्या भेगा पडतात. भेगेत गेलेला बॉल ना दिसत ना बोलत. त्यात पळणाऱ्याचा पाय मुरगळतो तो वेगळाच. उलट टोक म्हणजे गावातला सिमेंट रस्ता. तिथे आवाज जोरात येतो, पण दोन्ही बाजूंच्या भिंतींवरून परत फिरतो, त्यामुळे बॉल डावीकडून आला की उजवीकडून हेच कळत नाही. शिवाय टप्पा छातीपर्यंत उडतो आणि कवचाचा जोड लवकर उकलतो.

मधला मार्ग मुरूम. खेळपट्टी २२ यार्ड, म्हणजे ६६ फूट. दोन्ही टोकांना चार-चार फूट जास्त धरून ७४ फूट लांब, १० फूट रुंद आणि ४ इंच जाड थर धरला तर सुमारे २४७ घनफूट, म्हणजे अडीच ब्रास होतात. दाबल्यावर मुरूम बसतो, म्हणून तीन ब्रास मागवावा. काळी माती आधी थराच्या जाडीएवढी खोदून काढायची. तिच्यावरच मुरूम पसरला तर पहिल्या पावसात माती फुगते आणि पट्टी उखडते. मुरूम दोन थरांत टाकायचा. प्रत्येक थरावर पाणी मारून एक रात्र मुरू द्यायचं आणि सकाळी रोलर फिरवायचा. रोलर नसेल तर पाण्यानं भरलेला ड्रम लोटतात, त्यानं काम होतं पण वेळ दुप्पट. हरभऱ्याहून मोठा खडा वरच्या थरात राहू द्यायचा नाही. खड्यावर टप्पा पडला की बॉल रेषा सोडतो, आणि आवाजावर खेळणाऱ्याला तो फसवणुकीसारखा लागतो. पट्टीचा मध्य कडांपेक्षा दोन इंच उंच ठेवला की पाणी साचत नाही.

सरावासाठी मात्र मुरमाचीही गरज नाही. जुन्या पद्धतीनं केलेलं खळं यासाठी फर्मास: चोपून घट्ट केलेली जमीन, वर शेणाचा सारवा. धूळ उडत नाही, बॉल स्वच्छ राहतो आणि टप्प्याचा आवाज अगदी मोकळा येतो. मळणी यंत्र आल्यापासून खळी उरली कुठे, हा प्रश्न खराच. पण ज्या घरी आहे तिथे फेकीचा आणि स्वीपचा सराव दहा फुटांच्या जागेतही होतो.

बाहेरच्या मैदानाला वखर मारायचा मोह टाळावा. वखरानं जमीन मोकळी होते आणि मोकळी जमीन बॉल गिळते. भेगा बारीक मुरमानं बुजवा, गवत खुरप्यानं काढा, आणि बाभळीचे काटे वेचून काढायला एक पूर्ण सकाळ ठेवा, कारण इथे खेळाडूंचे हात जमिनीवर फिरणार आहेत. पऱ्हाटीच्या काड्यांचा ढीग मैदानाच्या कडेला असेल तर हलवा. आणि कठडा नसलेली विहीर जवळ असेल तर ते मैदानच सोडा, दुसरं बघा. तिथे दोरी बांधून भागत नाही.

आता पोंगा. आपल्या गावच्या टेनिस बॉल स्पर्धेचा अर्धा जीव कॉमेंट्रीत असतो, हे मान्य. पण छर्ऱ्यांचा आवाज शंभर पावलांवरच्या एका पोंग्याखाली पार बुडतो. पिठाची चक्की, ट्रॅक्टर, जिनिंगची यंत्रं, सगळ्यांचा आवाज सलग असतो आणि खेळाडूचा कान त्याला थोडाफार सरावतो. माणसाच्या शब्दांना मात्र कान सरावत नाही. बोलणं चालू असलं की लक्ष तिकडेच ओढलं जातं. त्यामुळे एकच नियम पुरतो: "रेडी?" ऐकलं की माइक बंद, आणि अंपायरनं बॉल डेड सांगितला की चालू. कॉमेंटेटरला सवय लागायला दोन-तीन ओव्हर जातात. तोवर पीचवरून "बाप्पा, ऐकू नाही येऊन राह्यलं ना!" अशी ओरड होत राहणार. प्रेक्षकांनी टाळ्या बॉल थांबल्यावर वाजवायच्या. पहिल्या दिवशी हे अवघड वाटतं. दुसऱ्या दिवशी लोक स्वतःच एकमेकांना "चूप बस बे" करतात, आणि दोनशे माणसं गप्प बसून एका बॉलची सळसळ ऐकतायत हा प्रकार जत्रेच्या गर्दीतही पाहण्यासारखा होतो.

कॉमेंटेटरला आणखी एक सूचना. खेळाडूला नावानं हाक मारा. "सूरदास" नको, "आपले दिव्यांग बंधू" हेही दर चेंडूला नको. झेल सुटला तर सुटला म्हणा. शेखर नाईक यांच्या कप्तानीखाली भारतानं २०१२ साली अंधांचा टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला आणि २०१७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हा खेळ दयेवर चालत नाही हे सांगायला ती एवढी ओळ माइकवर पुरे. मुलींच्या संघाबद्दल कुणी नाक मुरडलं तर २०२३ साली बर्मिंगहॅमला अंधांच्या जागतिक क्रीडा स्पर्धेत आपल्या महिला संघानं ऑस्ट्रेलियाला हरवून सोनं आणलं, हेही सांगून टाकावं.

बॉल घेताना काय तपासायचं? तालुक्याच्या खेळाच्या दुकानात तो सहसा नसतो, मागवावा लागतो, आणि परत करणं किचकट असतं. म्हणून पार्सल उघडल्या उघडल्या चार गोष्टी कराव्यात. जोडावरून नख फिरवा. नख अडकलं तर तिथूनच तो उकलणार. कानाजवळ हळू हलवा: छर्रे सुटे वाजले पाहिजेत. भद् असा एकच आवाज आला तर ते आत गोळा झालेत, बहुधा ओल शिरून गंजामुळे. मग कमरेच्या उंचीवरून घट्ट जमिनीवर दहा वेळा टाका आणि आवाज बदलतो का ऐका. शेवटी सपाट फरशीवर सोडून बघा. एकाच बाजूला पुन्हा पुन्हा वळत असेल तर कवचाची जाडी सगळीकडे सारखी नाही.

तुटतो तो तीन कारणांनी. एक, जोडावर बॅटची धार बसते. दोन, उन्हात राहून प्लॅस्टिक ठिसूळ होतं. मे महिन्यात टिनाच्या शेडखाली ठेवलेला बॉल पुढच्या हंगामात पिवळट पडलेला आणि कच्चा निघतो. तीन, बारीक चिरेतून पाणी आत जातं आणि छर्रे गंजतात. चीर दिसली की वायरिंगची टेप गुंडाळायची सवय आहे आपल्याला. टेपनं कवच टिकतं, पण आवाज दबतो आणि टप्पा बसका होतो. टेप लावलेला बॉल सरावात टाका, सामन्यात आणू नका. धुताना बादलीत बुडवायचा नाही, ओल्या फडक्यानं पुसायचा. प्रत्येक ओव्हरनंतर अंपायरनं तो पुसावा, कारण थोडंफार दिसणाऱ्या खेळाडूंसाठी त्याचा पांढरेपणा हाच अर्धा खेळ आहे. मुरमाच्या तांबूस रंगावर पांढरा बॉल छान उठतो. वाळलेल्या फिक्या गवतावर हरवतो. बॉलरच्या मागे रोपवाटिकेला लावतात ती हिरवी जाळी दोन बांबूंवर ताणली की बॅट्समनला बॉल ओळखणं सोपं जातं. मागे पांढरी भिंत किंवा माणसांची गर्दी असेल तर अवघड.

महागातला बॉल सरावात घालवायचा नसेल तर घरचा करता येतो, आणि त्यात कमीपणा काही नाही. या खेळाची सुरुवातच मुळी १९२२ साली मेलबर्नच्या कारखान्यातल्या अंध कामगारांनी डब्यात खडे घालून केली. बाजारातला जाड प्लॅस्टिकचा पोकळ बॉल घ्या. सायकलच्या मागच्या हबचे पाव इंची छर्रे पंधरा ते वीस पुरतात. पुढच्या हबचे छर्रे त्याहून बारीक, त्यांचा आवाज किरकिरा येतो. छर्रा जेमतेम जाईल एवढंच भोक तापवलेल्या सळईनं पाडा. पाच-सहाच घातले तर टप्प्यांमध्ये आवाज तुटतो. चाळीस घातले तर ते एकमेकांत दाटतात, आवाज बसतो आणि बॉल लागला तर नडगी सुजते. भोक खरवडून, पंक्चरचं सोल्युशन लावून, पूर्ण सुकू देऊन मग ट्यूबचा तुकडा चिकटवा. घाई केली की तुकडा तिसऱ्या फटक्याला सुटतो आणि छर्रे मैदानभर होतात; अनवाणी खेळणाऱ्यांसाठी ते वाईट. अगदीच काही नसेल तर टेनिस बॉलला कुरकुरीत प्लॅस्टिक पिशवी घट्ट बांधा. खरखर ऐकू येते, लहान मुलांना ओळख करून द्यायला चालते, पण वारा सुटला की पिशवीचा आवाज कुठून येतो ते सांगता येत नाही.

स्टंप मात्र मागवूच नका, गावच्या वेल्डिंगवाल्याकडून करून घ्या. उंची २८ इंच, तिन्ही मिळून रुंदी ९ इंच, खाली एक पट्टी. सांगितलं नाही तर तो भरीव सळई वापरतो, कारण ती त्याच्याकडे पडलेली असते. पोकळ पाइपच हवा. भरीव स्टंपवर पळत येऊन आदळलेला माणूस जबर जखमी होतो, आणि पोकळ पाइपचा 'ठण्ण' आवाज मैदानभर जातो. तो आवाज कामाचा आहे: विकेटकीपर ओरडून किंवा पाइपवर बॉल ठोकून फील्डरला फेकायची दिशा देतो. खालची पट्टी बाहेर आली की पाय अडकतो, म्हणून ती पाइपांच्या रेषेतच ठेवा आणि मातीत दाबा. वरच्या उघड्या टोकांना कुबडीला लावतात ते रबरी बूट बसवा, मापाचे सहज मिळतात. रंग झळकता नारिंगी. पांढरा देऊ नका, बॉलमध्ये मिसळतो.

क्रीज आखायला चुन्याऐवजी काथ्याची दोरी दोन्ही टोकांना खिळे ठोकून मुरमात अर्धी पुरावी. पायाला लागते, बॅट टेकवली की कळते. चुना लोळणाऱ्या, बसणाऱ्या खेळाडूंच्या डोळ्यांत जातो, आणि थोडीशी नजर शिल्लक असलेल्या माणसाच्या डोळ्यात चुना जाणं हा परवडणारा धोका नाही.

संघाची रचना हा वादाचा विषय. अकरा जणांच्या संघात चार पूर्ण अंध, म्हणजे बी-वन, तीन अंधुक दिसणारे बी-टू आणि चार त्याहून थोडं जास्त दिसणारे बी-थ्री असतात. बी-वनची प्रत्येक धाव दुप्पट धरतात, त्याला रनर मिळतो, आणि एक टप्पा पडून घेतलेला त्याचा झेल धरला जातो. गावात यूडीआयडी कार्डावरची, म्हणजे दिव्यांग ओळखपत्रावरची, टक्केवारी बघून गट पाडतात, तिथे गडबड होते. टक्केवारी आणि खेळातला गट या वेगळ्या गोष्टी आहेत. एका खेड्यात अकरा जण मिळणारही नाहीत, तेव्हा पाच-सहा गावांचे मिळून सहा-सहाचे दोन संघ करा: दोन पूर्ण न दिसणारे, दोन अंधुक दिसणारे, दोन डोळस पण पट्टी बांधलेले. ही पट्टी जाड सुती कापडाची, चार पदरी हवी. पातळ ओढणीतून सगळं दिसतं आणि मग भांडणं होतात. एक गंमत अशी की पट्टी बांधलेले डोळस गडी हमखास संघातले सर्वांत कच्चे ठरतात. बॉल आला की मागे सरकतात. त्यांना दुप्पट धावा देऊ नका.

वेळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी नऊनंतर. त्याआधी दव असतं आणि ओल्या मुरमावर आवाज दबतो. कापूस वेचणीचा हंगाम असल्यामुळे घरची माणसं शेतात असतात, म्हणून खेळाडूंना आणायची जबाबदारी आधीच वाटून ठेवावी. रात्रीचे फ्लडलाइटचे सामने या खेळाला नकोतच: रातांधळेपण असलेला बी-थ्री संध्याकाळी सहानंतर जवळजवळ बी-वन होतो. उलट ज्याच्या डोळ्यांना ऊन सोसत नाही त्याला झापाची टोपी द्या आणि शक्यतो सूर्याकडे पाठ करून उभं करा.

स्कोअररचं टेबल पावणेतीन फूट उंच न ठेवता अडीच फूट ठेवलं आणि खाली गुडघे जातील एवढी मोकळी जागा सोडली, तर व्हीलचेअरवरचा माणूस गुण लिहू शकतो. मंचाला सहा इंचांची पायरी असेल तर उतार सहा फूट लांब लागतो. दोन फुटांची फळी टाकून मोकळं होऊ नये. बहिऱ्या मुलांसाठी अंपायरच्या हातात लाल आणि पांढरी झेंडी द्या. शाळेत त्यांना कबड्डीतून वगळतात ते शिट्टी ऐकू येत नाही म्हणून, आणि झेंडी तिथेही चालते.

पैशाचं गणित अवघड नाही. ग्रामपंचायतीला स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावी लागते. घरपट्टी-पाणीपट्टीतून वर्षाला दोन लाख जमत असतील तर दहा हजार होतात. ही रक्कम बहुतेक गावांत वस्तुवाटपात जाते. खेळाचं साहित्य त्यात बसतं का, असा प्रश्न ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) विचारतीलच. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात खेळांचं कलम आहे, तीस नंबरचं, ते अर्जात लिहा. अर्ज १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत द्या, ठरावात घ्यायला लावा. डिसेंबरात दिला तर साहित्य मार्चअखेर येतं आणि तोवर भेगा पडलेल्या असतात. मुरूम आणि रोलरचा खर्च वेगळ्या अर्जात मागा, एकत्र मागितला की दोन्ही अडकतात.

मागवताना चार बॉल मागवा: दोन सामन्याला, एक राखीव, आणि एक कपाटात, सुती कापडात गुंडाळलेला, टिनापासून लांब. दोनच परवडत असतील तर दोन मागवा आणि उरलेले पैसे तिसऱ्या ब्रासला लावा.